हेडरच्या राजाची शोकांतिका

इंग्लंडमधील दक्षिण स्टॅफर्डशरचे कॉरोनर अँड्र्यू हेग यांच्यासमोर नोव्हेंबर २००२ मध्ये एक वेगळेच प्रकरण सुनावणीस आले. अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूचे कारण निश्चित करणे हे कॉरोनरचे काम. मुंबईतही १९९९ पर्यंत हे पद अस्तित्वात होते, त्यामुळे जुन्या मुंबईकरांना ते अपरिचित नाही. ब्रिटनमध्ये खाणीत, गोदीत किंवा कारखान्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या कामगारांच्या मृत्यूची प्रकरणे कॉरोनरकडे येतात. कोळशाच्या किंवा ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसे निकामी झाल्याचे सिद्ध झाले, की मृत्यूच्या कारणापुढे व्यवसायजन्य आजार अशी नोंद केली जाते. या नोंदीला कायद्याच्या दृष्टीने वजन असते, कारण माणूस त्याच्या कामामुळे मेला, असा तिचा सरळ अर्थ होतो.

त्या दिवशी ज्याच्या मृत्यूची चौकशी झाली, तो मात्र खाणकामगार नव्हता. तो होता जेफ ॲस्टल. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबचा आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा आघाडीचा खेळाडू. आपल्या काळातील सर्वोत्तम हेडर मारणाऱ्यांपैकी एक. पुराव्याची तपासणी केल्यावर कॉरोनरनी त्याच्या मृत्यूपुढेही व्यवसायजन्य आजार हेच शब्द लिहिले. चेंडू वर्षानुवर्षे डोक्याने मारल्यामुळे त्याच्या मेंदूला इजा झाली आणि त्या इजेने त्याचा बळी घेतला, असा हा निष्कर्ष होता. ब्रिटनमधील व्यावसायिक फुटबॉलपटूच्या बाबतीत असा निर्णय प्रथमच दिला जात होता. फुटबॉलच्या जगाने त्या निर्णयाची दखल घ्यावयास पुढे किती वर्षे लावली, ही ॲस्टलच्या जीवनकथेची दुसरी आणि अधिक कडवट बाजू आहे.

जेफ ॲस्टलचा जन्म १३ मे १९४२ रोजी नॉटिंगहॅमशरमधील ईस्टवूड या गावी झाला. ईस्टवूड हे कोळशाच्या खाणींचे गाव. कादंबरीकार डी. एच. लॉरेन्सचे जन्मगाव म्हणून ते साहित्यप्रेमींना ठाऊक आहे. अशा गावांतील मुलांपुढे त्या काळी दोन वाटा असत. एक जमिनीखाली खाणीत उतरणारी आणि दुसरी, फार थोड्यांच्या नशिबी येणारी, फुटबॉलच्या मैदानाकडे जाणारी. ॲस्टलच्या वाट्याला दुसरी आली. किशोरवयातच तो जवळच्या नॉट्स काउंटी या क्लबात दाखल झाला. तेथे त्याला टॉमी लॉटन यांचे मार्गदर्शन लाभले. लॉटन हे महायुद्धाच्या आगेमागे गाजलेले इंग्लंडचे आघाडीचे खेळाडू. चेंडू हवेत असताना नेमक्या क्षणी उडी घेऊन कपाळाच्या मध्यभागाने तो जाळ्यात धाडण्याच्या कलेत त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. शिष्यानेही हीच कला घोटून घोटून आत्मसात केली.

सप्टेंबर १९६४ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने २५ हजार पौंड मोजून ॲस्टलला आपल्याकडे घेतले. वेस्ट ब्रॉमविच हे बर्मिंगहॅमच्या शेजारचे, कारखान्यांच्या धुराने काळवंडलेले औद्योगिक शहर. त्या भागाला ब्लॅक कंट्री म्हणजे काळा मुलूख असेच म्हटले जाते. आठवडाभर भट्ट्यांपुढे घाम गाळणाऱ्या कामगारांचा शनिवारचा विसावा म्हणजे हॉथॉर्न्स हे अल्बियनचे मैदान. घरच्या मैदानावरील पहिल्याच सामन्यात ॲस्टलने शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टन वॉन्डरर्स या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दोन गोल केले. असा प्रवेश करणाऱ्या खेळाडूला डोक्यावर घ्यावयास प्रेक्षकांना वेळ लागला नाही. पुढे तर हॉथॉर्न्सवर तो राजा याच नावाने ओळखला जाऊ लागला. डडलीजवळच्या नेदर्टन येथील एका पुलावर चाहत्यांनी ॲस्टल हाच राजा असल्याची घोषणा मोठ्या अक्षरांत रंगविली. ती अक्षरे पुसली गेली, तेव्हा चाहत्यांनी ती पुन्हा रंगविली, आणि तो पूल त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

अल्बियनकडून ॲस्टल एकूण ३६१ सामने खेळला आणि त्यात त्याने १७४ गोल केले. १९६६ मध्ये क्लबने वेस्ट हॅमला हरवून लीग चषक जिंकला. परंतु त्याच्या कारकिर्दीतील शिखर गाठले गेले ते १८ मे १९६८ रोजी, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर. एफए चषकाच्या अंतिम सामन्यात अल्बियनची गाठ एव्हर्टनशी होती. एव्हर्टनचे पारडे जड मानले जात होते. ९० मिनिटे गोलाविना गेली आणि सामना जादा वेळेत शिरला. जादा वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला ॲस्टल चेंडू घेऊन पुढे सरसावला. त्याचा उजव्या पायाचा फटका बचावपटूला लागून परत आला. तो त्याने क्षणाचाही विलंब न लावता डाव्या पायाने जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मारला. अल्बियनने सामना १-० असा जिंकला. त्या हंगामात चषकाच्या प्रत्येक फेरीत गोल करण्याचा पराक्रमही ॲस्टलने पूर्ण केला. अल्बियनचा तो पाचवा एफए चषक होता. त्यानंतर तो चषक हॉथॉर्न्सवर पुन्हा आलेला नाही. हेडरसाठी ख्यातनाम असलेल्या खेळाडूचा सर्वांत अविस्मरणीय गोल त्याच्या डाव्या, म्हणजे कमजोर मानल्या गेलेल्या पायाने व्हावा, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

१९६९-७० च्या हंगामात त्याने २५ गोल करून पहिल्या श्रेणीच्या साखळीत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान मिळविला. त्याच हंगामात लीग चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध सुरुवातीलाच गोल करून वेम्ब्लीवर दोन्ही चषकांच्या अंतिम सामन्यांत गोल करणारा तो पहिला खेळाडू ठरला. हा सामना मात्र अल्बियनने गमावला.

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये नशिबाने त्याला तशी साथ दिली नाही. इंग्लंडकडून तो अवघे पाच सामने खेळला आणि त्यात त्याला एकही गोल करता आला नाही. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात जगज्जेत्या इंग्लंडची गाठ पेलेच्या ब्राझीलशी पडली. ग्वादालाहारातील त्या सामन्यात इंग्लंड एका गोलने पिछाडीवर असताना ॲस्टलला बदली खेळाडू म्हणून उतरविण्यात आले. थोड्याच वेळात ब्राझीलच्या बचावपटूच्या चुकीने चेंडू थेट त्याच्या पायाशी आला. समोर फक्त गोलरक्षक होता. ॲस्टलचा फटका खांबाबाहेरून गेला आणि सामना ब्राझीलने १-० असा जिंकला. जगातील फुटबॉलप्रेमींच्या स्मरणात तो पुष्कळ काळ राहिला तो याच हुकलेल्या संधीमुळे. वेस्ट ब्रॉमविचच्या लोकांनी मात्र त्याला कधीच दोष दिला नाही.

दुखापतींनी ग्रासल्यावर १९७४ मध्ये त्याने अल्बियनचा निरोप घेतला. डन्स्टेबल टाउनसारख्या लहान क्लबांतून तो आणखी काही वर्षे खेळला. त्या काळी फुटबॉलपटूंना आजच्यासारखे कोट्यवधींचे मानधन मिळत नसे. खेळ संपला, की पोटापाण्याचा दुसरा उद्योग शोधावा लागे. ॲस्टलने साफसफाईचा व्यवसाय सुरू केला आणि लोकांच्या खिडक्या व कार्यालये स्वच्छ करण्याचे काम तो कोणताही संकोच न बाळगता करू लागला. स्वतःची थट्टा करून घेण्याचा मनमोकळेपणा त्याच्यात होता. गाण्याचीही त्याला मनापासून आवड. १९९० च्या दशकात डेव्हिड बॅडिएल आणि अल्बियनचा निस्सीम चाहता असलेला फ्रँक स्किनर या विनोदवीरांच्या फुटबॉलविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो शेवटी येऊन गाणे म्हणत असे. त्याला कधी खेळताना न पाहिलेली तरुण पिढी अशा रीतीने त्याच्या प्रेमात पडली.

याच सुमारास घरातल्यांच्या काही गोष्टी लक्षात येऊ लागल्या. ॲस्टल शब्द विसरू लागला. नेहमीच्या गोष्टींचा त्याला उलगडा होईना. पंचावन्नच्या आसपास वय असताना त्याला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. हा आजार एरवी सत्तरीच्या पुढे गाठतो, म्हणून कुटुंबीयांना धक्का बसला. पुढची चार-पाच वर्षे पत्नी लॉरेन आणि मुलींच्या डोळ्यांदेखत तो दिवसेंदिवस नाहीसा होत गेला. हसतमुख, बोलका माणूस अस्वस्थ आणि अबोल झाला. अखेरच्या दिवसांत तर आपण कधीकाळी फुटबॉल खेळत होतो, हेही त्याला आठवेनासे झाले. चषक, गोल, वेम्ब्लीवरचा जल्लोष, सारे पुसले गेले. ज्या आठवणी अल्बियनचे चाहते जिवापाड जपत होते, त्या खुद्द त्याच्यापाशी उरल्या नव्हत्या.

१९ जानेवारी २००२ रोजी बर्टन-अपॉन-ट्रेंट येथे मुलीच्या घरी घास घशात अडकण्याचे निमित्त झाले आणि ॲस्टलने जगाचा निरोप घेतला. तो केवळ ५९ वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी हॉथॉर्न्सवर वॉल्सॉलविरुद्ध सामना होता. अल्बियनच्या जेसन रॉबर्ट्सने गोल केला आणि जर्सी वर करून आतील शर्टावरचे ॲस्टलचे छायाचित्र प्रेक्षकांना दाखविले.

शवविच्छेदनात चेता-विकृतितज्ज्ञ डॉ. डेरेक रॉबसन यांना त्याच्या मेंदूत मोठी हानी आढळली. वारंवार बसलेल्या लहान-लहान आघातांशी ती सुसंगत होती. हेडर मारताना नेमके काय होते, हे येथे समजून घेतले पाहिजे. आपला मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. वेगाने येणारा चेंडू कपाळावर आदळतो, तेव्हा कवटी एकदम थांबते किंवा वळते, पण आतला मऊ मेंदू क्षणभर मागे राहतो आणि हेलकावतो. त्या हिसक्याने चेतापेशींचे नाजूक तंतू ताणले जातात. खेळाडू बेशुद्ध पडत नाही, त्याला चक्करही येत नाही, तो पुढच्या चेंडूकडे धावतो. एका हेडरने काही बिघडत नाही, असे त्यामुळेच सर्वांना वाटते. परंतु आघाडीचा खेळाडू सामन्यात मारतो त्याहून कितीतरी अधिक हेडर सरावात मारत असतो आणि हा क्रम पंधरा-वीस वर्षे चालतो.

ॲस्टलच्या काळातील चेंडू चामड्याचा असे. कोरडा असताना त्याचे वजन आजच्या चेंडूइतकेच, म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅम भरे. पण इंग्लंडच्या पावसात आणि चिखलात चामडे पाणी शोषून घेई आणि चेंडू जड होई. असा चेंडू डोक्याने मारणे म्हणजे विटांची पिशवी डोक्यावर झेलण्यासारखे असल्याचे ॲस्टल घरी सांगत असे. आजचे चेंडू कृत्रिम आवरणाचे असतात आणि पाणी शोषत नाहीत. म्हणून हा प्रश्न जुन्या चेंडूबरोबरच संपला, असा युक्तिवाद पुष्कळ वर्षे केला गेला. आजचा चेंडू अधिक वेगाने येतो आणि आघाताची तीव्रता वजनाबरोबर वेगावरही अवलंबून असते, हे मात्र या युक्तिवादात विसरले जाई.

कॉरोनरच्या निर्णयानंतर वास्तविक इंग्लिश फुटबॉलमध्ये मोठी खळबळ माजावयास हवी होती. खाणीतील एका कामगाराचा मृत्यू धुळीने झाल्याचे सिद्ध झाले, की त्याच्याबरोबर काम केलेल्या इतरांची तपासणी करणे ओघाने येते. येथे तसे घडले नाही. इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन, म्हणजे एफए, आणि व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना यांनी दहा वर्षांच्या संशोधनाचा संकल्प सोडला होता. तरुण खेळाडूंचा एक गट निवडून त्यांच्या मेंदूच्या आरोग्याची पाहणी करावयाची, अशी ती योजना होती. ॲस्टल कुटुंब विश्वासाने निष्कर्षांची वाट पाहत राहिले. दशक उलटले, तरी निष्कर्ष आले नाहीत. निवडलेले खेळाडू एकेक करून व्यावसायिक खेळातून बाहेर पडले आणि तो अभ्यास कधी पूर्णत्वास गेलाच नाही.

त्याच २००२ साली अटलांटिकच्या पलीकडे असेच एक प्रकरण आकार घेत होते, ही बाब लक्षणीय आहे. अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलमधील नामवंत खेळाडू माइक वेबस्टर याचे सप्टेंबरमध्ये पिट्सबर्ग येथे वयाच्या पन्नासाव्या वर्षी निधन झाले. शवविच्छेदन करणारे नायजेरियन वंशाचे डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी आढळल्या. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला होणारी इजा वैद्यकशास्त्राला १९२८ पासून ठाऊक होती. अमेरिकी फुटबॉलमधील व्यावसायिक खेळाडूत ती प्रथमच सापडत होती. ओमालू यांनी २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले, तेव्हा तेथील लीगच्या वैद्यकीय समितीच्या सदस्यांनी ते मागे घेण्याची मागणी केली. या विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, संक्षेपाने सीटीई असे नाव आहे. वारंवारच्या आघातांमुळे टाऊ हे प्रथिन मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती साचू लागते आणि खेळ सोडल्यावरही ही प्रक्रिया थांबत नाही. स्मृती, स्वभाव आणि विवेक हळूहळू लोप पावतात. या विकाराचे निश्चित निदान आजही केवळ मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीनेच करता येते.

ॲस्टलच्या मेंदूचे नमुने जतन करण्यात आले होते. ग्लासगो येथील चेता-विकृतितज्ज्ञ डॉ. विली स्ट्युअर्ट यांनी २०१४ मध्ये नव्या ज्ञानाच्या आधारे त्यांची फेरतपासणी केली. अल्झायमर समजला गेलेला तो आजार प्रत्यक्षात सीटीई होता, असे त्यांनी जाहीर केले. सीटीई झाल्याचे निश्चित झालेला ॲस्टल हा पहिला ब्रिटिश व्यावसायिक फुटबॉलपटू ठरला. मृत्यूनंतर बारा वर्षांनी आपल्या माणसाच्या आजाराचे खरे नाव कुटुंबाला कळले.

या सर्व काळात कन्या डॉन ॲस्टल यांनी लढा सोडला नव्हता. जेफला न्याय द्या, अशी मोहीम त्यांनी उभारली. त्यांना साथ दिली ती अल्बियनच्या चाहत्यांनी. ॲस्टल नऊ क्रमांकाची जर्सी घालीत असे, म्हणून प्रत्येक सामन्याच्या नवव्या मिनिटाला हॉथॉर्न्सवरील प्रेक्षक उभे राहून टाळ्यांचा कडकडाट करीत आणि फलक झळकावीत. प्रतिस्पर्धी संघांचे चाहतेही त्यात सामील होऊ लागले. कुटुंबाची मागणी पैशाची नव्हती. दिलेला शब्द पाळून संशोधन करा आणि माजी खेळाडूंची विचारपूस करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अखेर एफएचे तत्कालीन अध्यक्ष ग्रेग डाइक यांनी २०१४ मध्ये कुटुंबाची भेट घेऊन झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ११ एप्रिल २०१५ रोजी लेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यात अल्बियनचे खेळाडू १९६८ च्या अंतिम सामन्यातील पोशाखाच्या प्रतिकृती घालून मैदानात उतरले. त्याच दिवशी माजी खेळाडूंना मदत करणाऱ्या जेफ ॲस्टल फाउंडेशनची स्थापना झाली. फाउंडेशनकडे येणाऱ्या कुटुंबांच्या कहाण्या एकमेकींशी विलक्षण जुळणाऱ्या होत्या.

शास्त्रीय पुरावाही आता साचत गेला. लंडन आणि स्वॉन्झी येथील संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या १४ माजी फुटबॉलपटूंचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी सहा जणांच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी झाली होती आणि चौघांत सीटीई आढळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये डॉ. स्ट्युअर्ट यांच्या पथकाचा अधिक व्यापक अभ्यास आला. त्याला अर्थसाह्य एफए आणि खेळाडूंच्या संघटनेचेच होते. १९०० ते १९७६ या काळात जन्मलेल्या स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी सुमारे २३ हजार सर्वसामान्य पुरुषांच्या नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण फुटबॉलपटूंत साडेतीन पट असल्याचे दिसून आले. अल्झायमरच्या बाबतीत हे प्रमाण पाचपट होते. हृदयविकार आणि फुप्फुसांचा कर्करोग यांनी मरण्याचे प्रमाण मात्र खेळाडूंत कमी होते. म्हणजे खेळाने शरीर सांभाळले, पण मेंदूला त्याची किंमत मोजावी लागली.

हेडर मारणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो, असा याचा अर्थ नाही. तोच खेळ तितकीच वर्षे खेळलेले अनेक जण म्हातारपणीही ठणठणीत राहिले. कोणाला तो गाठतो आणि कोणाला नाही, याचा उलगडा व्हावयाचा आहे. परंतु २०२१ मध्ये त्याच पथकाने खेळाडूंची जागेनुसार विभागणी केली, तेव्हा सर्वाधिक धोका बचावपटूंना असल्याचे आढळले. क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलरक्षकांचा धोका सर्वसामान्यांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. कारण कोठे शोधावयाचे, याचा रोख त्यातून पुरेसा स्पष्ट झाला.

दरम्यान, इंग्लंडच्या लोकांना सर्वाधिक धक्का दिला तो १९६६ च्या विश्वविजेत्या संघाने. वेम्ब्लीवरील त्या अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक चार्लटन हे चौघे २०१८ ते २०२० या काळात गेले. चौघांनाही स्मृतिभ्रंश जडला होता. जॅकचे बंधू बॉबी चार्लटन यांनाही तोच आजार झाल्याचे २०२० मध्ये उघड झाले आणि २०२३ मध्ये तेही निवर्तले. ज्यांची नावे इंग्लंडमधील शाळकरी मुलांनाही पाठ होती, त्यांना स्वतःचा विजय आठवत नव्हता. ॲस्टलच्या घरातील दुःख आता साऱ्या देशाचे झाले.

नियम बदलू लागले ते यानंतर. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात हेडर शिकवू नये, असे मार्गदर्शक तत्त्व काढले. जुलै २०२१ मध्ये इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनी सरावात आठवड्याला जोरदार आघाताचे दहाच हेडर मारावेत, अशी शिफारस झाली. अकरा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांतूनही हेतुपुरस्सर हेडर टप्प्याटप्प्याने वगळण्याचा निर्णय २०२४-२५ च्या हंगामापासून अमलात येऊ लागला. पीडित माजी खेळाडूंसाठी २०२३ मध्ये प्रीमियर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेने दहा लाख पौंडांचा प्रारंभिक निधी उभारला. ॲस्टलच्या मृत्यूची नोंद आणि पहिला ठोस नियम यांच्यामध्ये सतरा वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात हजारो मुलांनी मैदानावर लोंबत्या चेंडूखाली हेडरचा सराव केला आणि त्यांना कोणीही सावध केले नाही.

हा विलंब अज्ञानामुळे झाला, असे म्हणता येत नाही. निर्णय लेखी होता, वृत्तपत्रांतून छापून आला होता आणि त्याचा अर्थ कोणालाही कळण्यासारखा होता. अडचण होती ती खेळाला काम मानण्याची. मैदानावर धावणारा माणूस आनंदासाठी धावतो, असे प्रेक्षकाला वाटते आणि क्लबाला ते सोयीचे असते. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांच्या छातीत कापसाची धूळ बसे, तेव्हा तिला आजार म्हणवून घेण्यासाठीही झगडावे लागले होते. ॲस्टलच्या बाबतीत कॉरोनरनी हा प्रश्न एका नोंदीत निकालात काढला होता. हेडर मारणे हे ॲस्टलचे काम होते, त्या कामाचे त्याला वेतन मिळत होते आणि त्या कामानेच त्याचा जीव घेतला, हे त्या नोंदीचे सार. अशा नोंदीनंतर जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावर येते, आणि ती टाळण्यातच वर्षे गेली.

हॉथॉर्न्सच्या प्रवेशद्वारांपैकी एकाला २००३ मध्ये ॲस्टलचे नाव देण्यात आले. लोखंडी फाटकावर १९६८ चा तो डाव्या पायाचा गोल साकारला आहे. सामन्याच्या दिवशी अल्बियनचे चाहते त्याच्यासमोर थांबतात. त्यांच्यासोबत फुटबॉल शिकणारी लहान मुलेही असतात. या मुलांना आता सरावात हेडर शिकविला जात नाही. हा नियम कोणामुळे आला, हे सांगावयाचे झाले, तर त्या फाटकावरच्या आकृतीकडे बोट दाखविणे पुरेसे आहे.